नुसता सूर

“नुसता सूर घरात धरत न्हाईत.”

एवढं बोलून तात्यांनी सनई पिशवीत घातली आणि पिशवीची नाडी ओढली. मी टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबून समोर बसलो होतो. कॅसेट फिरत होती आणि तिच्यावर आम्हा बापलेकांचं भांडण चढत होतं.

“चाल नको, गाणं नको. एक सूर. दम असेपर्यंत धरायचा आणि सोडायचा. एवढं सोपं काम सांगतोय मी.”

“पर कशाला पायजे?”

“मशीनमध्ये बनवायचाय.”

“मग एखादी चाल घे की. वरातीचं वाजवतो, त्यात सगळं सूर असत्यात.”

“चालीत सूर पळतो, तात्या. मला थांबलेला पाहिजे. तो सुरू कसा होतो, मधे काय करतो, संपतो कसा, ते मोजायचंय.”

“हणम्या, ऐक जरा. नुसता सूर कवा धरत्यात—”

“नाही ऐकत!” मी उठूनच उभा राहिलो. “तुमचं हे धरत न्हाईत, करत न्हाईत, ऐकून ऐकून कान किटले माझे. बावीस वर्षं चपलांशेजारी बसून वाजवलंत, तेव्हा कुठं गेली होती तुमची रीत?”

हे बोलायला नको होतं. पण खोटं तर बोललो नव्हतो.

एकोणीसशे एकोणनव्वद साल. मी चोवीस वर्षांचा होतो. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकून मिरजेत एका दुकानात सोल्डरिंग गन घेऊन बसत होतो. माझे वडील गुंडा ऐवळे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सनई. राजलक्ष्मी मंगल कार्यालयाच्या दाराशी डाव्या हाताला एक दगडी ओटा होता, ती तात्यांची जागा. ओट्याला लागून चपला ठेवायची फळी. लोक यायचे, तात्यांच्या गुडघ्याशी चपला काढायचे आणि आत जायचे. कुणी वर बघायचं नाही. जेवणाच्या पंगती उठल्या, वाढपी जेवले, की मग सनईवाल्याचं पान, तेही मागच्या दारी. लहानपणी मी त्या पानावर तात्यांबरोबर जेवलोय. जिलबी तोवर गार झालेली असायची. मला आजही गार जिलबी दिसली की डोकं फिरतं.

म्हणून मी सनई शिकलो नाही. तात्यांनी दोनदा हातात दिली, दोनदा मी खाली ठेवली. मी म्हणालो होतो, ज्याच्यासाठी बाहेर बसावं लागतं ते मी वाजवणार नाही.

आणि मग ते मशीन आलं. कार्यालयाचे मालक दादासो मगदूम मुंबईला गेले होते. तिथल्या कुणा सिनेमातल्या वादकानं नवं घेतलं आणि जुनं विकायला काढलं, ते हे उचलून घेऊन आले. जपानी सिंथेसायझर. काळा, लांबलचक, वर पट्ट्या आणि हिरवी-जांभळी चपटी बटणं, एका बाजूला इवलीशी काच, तिच्यात दोन ओळी अक्षरं. मगदुमांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गावात विजेचं काही आलं की लोक मला बोलवायचे, तसं त्यांनीही बोलावलं.

“ह्यात सनई निघंल का रं?” त्यांनी विचारलं.

मशीनमध्ये पियानो होता, घंटा होत्या, बासऱ्या होत्या. सनई नव्हती.

“बनवावी लागेल,” मी म्हणालो.

“मग बनीव. स्टेजवर बसवतो तुला. सफारी शिवून देतो.”

“आणि तात्या?”

“गुंडा हायच की. दोघं मिळून वाजवा.”

स्टेजवर! ऐवळ्यांचं पोर, कार्यालयाच्या आत, स्टेजवर, खुर्चीत. तात्यांचा सूर त्या चपलांच्या फळीवरून उचलून मी आत नेणार होतो, आणि मागोमाग एक दिवस त्यांनाही. माझ्या डोक्यात हे एवढंच होतं. म्हणून तर तात्यांचा नकार ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

माझं ओरडणं तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठले, पिशवी घेतली आणि घराच्या मागं शेवग्याखाली गेले. मी टेप घेऊन मागोमाग. ते घराकडं पाठ करून बसले. वहाणा काढल्या. डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. सनईची पत्ती ओठांत धरून भिजवली.

“येकदाच धरणार,” ते म्हणाले. “आन्‌ हे टेपातच ऱ्हाऊ दे. वाजवायचा न्हाई. नीट जपून ठेव.”

“बरं, बरं,” मी म्हणालो आणि बटण दाबलं.

त्यांनी सूर धरला. एवढा मोठा दम मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. कॅसेटवर नंतर मोजला, एक्केचाळीस सेकंद. संपल्यावर त्यांनी सनई पुसली आणि माझ्याकडं न बघता मोरीत जाऊन हातपाय धुतले. मला तेव्हा वाटलं, रुसलेत.

पुढचे नऊ दिवस मी त्या एक्केचाळीस सेकंदांमागं होतो. कार्यालयाच्या माडीवर एका खोलीत मशीन ठेवलं होतं. एका कानात तात्यांची कॅसेट, दुसऱ्या कानात मशीन.

त्या मशीनची गंमत अशी की त्याच्या आत कुठलाच आवाज भरून ठेवलेला नसतो. आत नुसत्या लहरी, त्याही आकड्यांतून तयार होणाऱ्या, एका सुराला सहा. एकटी लहर म्हणजे साधी शिट्टी, तिच्यात जीव नाही. पण एका लहरीनं दुसरीला हलवायला सुरुवात केली की गोष्ट बदलते. जी हलवते ती स्वतः ऐकू येत नाही. जी हलते ती ऐकू येते, आणि हलवणं वाढवावं तसा तिचा आवाज तापत जातो, नाकात शिरतो. हलवणारीचा वेग हलणारीच्या बरोबर पटीत असला तर सूर राहतो. थोडा इकडंतिकडं झाला की पितळी घंटा, नाहीतर फरशीवर पातेलं पडल्याचा आवाज. सनईचा तो नाकातला धारदारपणा मला तिसऱ्या दिवशी सापडला. जागेवरून उडालोच मी.

पण ती सनई मेलेली होती. बटण दाबलं की सुरू, सोडलं की बंद. कारखान्याचा भोंगा. मग मी आकार द्यायला बसलो. प्रत्येक लहर किती वेगानं चढावी, कुठवर चढावी, किती टिकावी, बोट उचलल्यावर कशी विझावी, ह्याचे वेगवेगळे आकडे असतात. एक आकडा काचेवर आणायचा, सरकपट्टी वरखाली करायची, ऐकायचं, कॅसेट मागं घ्यायची, पुन्हा ऐकायचं. तात्यांचा सूर सरळ सुरू होत नव्हता. तो किंचित खालून यायचा आणि ओढून वर न्यावा तसा जागेवर जायचा. मधे स्थिर. आणि शेवटी, दम संपायच्या जरा आधी, पुन्हा खाली कलायचा आणि विझायचा. ते खालून येणं आणि ते कलणं मी आकड्याआकड्यानं पकडलं. सगळे आकडे एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागं लिहून ठेवले.

एक गोष्ट मात्र जमली नाही. सुराच्या आधी तात्यांच्या तोंडातली हवा यायची, फस्स करून, अर्धा क्षण. मशीनला ती दिली की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं. मी हवा सोडून दिली.

दहाव्या दिवशी सकाळी मगदुमांना ऐकवलं. वरातीची चाल वाजवली. ते उभ्या उभ्या ऐकत राहिले आणि खिशातून रुमाल काढला.

“आयला, हणमंता,” ते म्हणाले. “पाणी आलं बघ डोळ्यात. काय बनवलंयस!”

त्यांचा स्वयंपाकी आला होता, तोही डोळे पुसत खाली गेला. मला कोण अभिमान वाटला! लग्नाची चाल ऐकून दोन धडधाकट माणसं रडतात, आणि मला वाटतं मी जिंकलो. अकलेचं दिवाळं निघतं ते असं.

त्याच आठवड्यात आरग गावच्या एका बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं. दुपारी साडेबाराचा मुहूर्त. मी सफारी घालून दहालाच स्टेजवर. मशीन लावलं, स्पीकर लावले, दाराकडं पाहिलं. ओटा रिकामा होता.

“तात्या नाही आले?”

“त्याला नको म्हणून निरोप धाडला,” मगदूम पानाला चुना लावत म्हणाले.

“दोघं मिळून वाजवा म्हणाला होतात तुम्ही.”

“आता दोन दोन सनया कशाला? आवाज त्योच हाय न्हवं? मशीन दमत न्हाई, थुकत न्हाई, त्याला पान वाढावं लागत न्हाई. आन्‌ दारात म्हातारं बसल्यालं बरं बी दिसत न्हाई आता. चांगली चांगली माणसं येत्यात.”

“तो आवाज त्यांचा आहे!”

“मशीन माझं हाय,” मगदूम म्हणाले. “बस. पावनं यायला लागल्यात.”

मी तेव्हाच उठायला पाहिजे होतं. नाही उठलो. अंगात नवा सफारी होता आणि खुर्ची स्टेजवर होती. आतून पेटलो होतो, दात करकरत होते, पण हात पट्ट्यांवर गेले आणि मी वाजवायला लागलो. मगदुमांचा राग मला आज फारसा येत नाही. त्या खुर्चीतल्या माणसाचा येतो.

बारा वाजून गेले होते. नवरीला मामा बोहल्याकडं घेऊन निघाला आणि मगदुमांनी मला हातानं खूण केली, मोठ्यानं. मी आवाज वाढवला. हॉलभर तात्यांचा सूर भरला. प्रत्येक सूर खालून ओढून वर येत होता आणि कलून विझत होता. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडं बघितल्याचं मला दिसलं. मला वाटलं, कौतुक.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं.

“बंद कर ते! ये पोरा, बंद कर आधी!”

एक उंच, कपाळ मोकळं असलेली बाई उभी होती. नवरीची आत्या, शेवंताबाई. सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती खुर्च्यांमधून वाट काढत सरळ स्टेजपाशी आली. मी हात उचलले. शेवटचा सूर सगळ्यांच्या देखत कलला आणि विझला.

“मयताचा सूर हाय ह्यो,” ती म्हणाली. “माझ्या मालकाला नेलं तवा घरापासनं वढ्यापतोर ह्योच सूर हुता. गुंडा ऐवळ्यानं धरला हुता. मी इसरंन व्हय? माझी भाची बोहल्यावर चढतीया आन्‌ तुमी मयताचं वाजवताय?”

हॉलमध्ये एकदम कालवा उठला. नवरीची आई मटकन खाली बसली. मुलाकडचे उभे राहिले. कुणी म्हणालं मुहूर्त टळला, कुणी म्हणालं करणी आहे. नवरी मधेच उभी, हातात हार, तोंड पांढरं पडलेलं. मगदूम धावत माझ्यावर आले.

“काय वाजवलंस रं भडव्या?”

नुसता सूर कवा धरत्यात, तात्या सांगत होते. मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

नवरीचा बाप म्हणाला, “गुंडाला आणा. त्यो वाजवंल तरच लगीन लागंल.” मगदूम स्वतः जीप घेऊन गेले.

तात्या आले ते घरातल्याच सदऱ्यावर. हातात पिशवी. सगळा हॉल त्यांना वाट देत होता, असं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. मगदूम म्हणाले, “गुंडा, चल, स्टेजवर बस.” तात्यांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. माझ्यापाशी आले.

“वाजीव बघू. हळू.”

मी आवाज अगदी बारीक केला आणि एक पट्टी दाबली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“खालनं उचलून वर घेत्यात, ते माणूस उचलताना,” ते फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले. “टेकवला की सोडत्यात. लग्नाचा सूर हुबा ऱ्हातो, हणम्या. त्येला पडू देत न्हाईत. दम संपायच्या आत दुसरा घेत्यात. घरचं पोर तू. तुला कळंना व्हय?”

“तुम्ही सांगितलं का नाही?”

“तू ऐकलंस का?”

मग ते शेवंताबाईंसमोर गेले, वाकून हात जोडले. “पोराचं चुकलं, आक्का. नवरीचं काय चुकलं न्हाई. मी वाजवतो.” आणि दाराबाहेर जाऊन आपल्या ओट्यावर बसले, चपलांशेजारी. अर्धा तास न थांबता वाजवत होते. लग्न लागलं. अक्षता पडल्या. लोक हसायलाही लागले.

पंगती बसल्यावर मगदूम स्टेजवर आले. मला वाटलं, हाकलणार. तर ते म्हणाले, “झालं ते झालं. आता असं कर, म्हाताऱ्याकडनं लग्नातला सूर काढून घे. दोन-चार कॅसेटी भर. पुढल्या बुधवारी मोठं लगीन हाय, तवर नवा बनीव.”

“आणि तात्या?”

“सूर मिळाला की काय करायचंय त्याला?”

माझं डोकंच फिरलं. मी मशीनकडं वळलो. मेमरीचं कुलूप काढलं. लहर पुन्हा कोरी केली, सगळे आकडे शून्यावर, साधी शिट्टी. आणि जिथं सनई ठेवली होती, त्याच सातव्या नंबरवर ती शिट्टी ठेवून दिली. पट्टी दाबली. शिट्टी वाजली. मगदूम बघतच राहिले.

“काय केलंस?”

“तुमच्या मशीनमध्ये तुमचं जेवढं होतं तेवढं ठेवलंय,” मी म्हणालो. लग्नपत्रिका खिशातून काढली आणि त्यांच्यासमोर फाडली, चार वेळा. सफारीचा कोट काढून खुर्चीवर फेकला. ते शिव्या देत राहिले आणि मी गंजीफ्रॉकवर मिरजेच्या भर बाजारातून घरी चालत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या बाजूनं उभा राहिलोय म्हणून छाती फुगली होती.

तात्या अंगणात बसून सनई पुसत होते. मी आतून कॅसेट आणली आणि त्यांच्यासमोर तिची फीत बोटांनी ओढून काढायला लागलो. भराभर. पायाशी तपकिरी ढीग झाला.

“मशीनमधला पुसला, तात्या. कागद फाडला. आता हाही गेला. तुमचा सूर आता कुणाच्या बापाला मिळणार नाही.”

ते त्या ढिगाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता पाठीवर हात पडेल.

“सगळा पुसलास?”

“सगळा.”

“माझ्या वेळंला लागला असता रं,” ते म्हणाले.

मला कळेना.

“भावकीत आता सनई फुंकणारा ऱ्हायलाय कोण? तुला येत न्हाई. मला नेताना कोण धरणार? म्हणून धरला हुता शेवग्याखाली. टेपात जपून ठेव म्हणालो, ते काय उगंच?”

“मग परत धरा,” मी म्हणालो. “आत्ता धरा, तात्या. मी दुसरी कॅसेट आणतो.”

“आपल्याच मयताचा सूर माणूस दोनदा धरतोय व्हय?” ते उठले आणि आत गेले.

पुढं सात वर्षं ते जगले. मी कधी गोड बोलून, कधी पाया पडून, कधी भांडून मागितला. त्यांनी धरला नाही. शिकवायला तयार होते. “बस, फुंक,” म्हणायचे. मी उद्यावर ढकलायचो. माझं स्वतःचं दुकान झालं होतं, हाताला वेळ नव्हता. ढकलायला माणसाला कारण मिळतंच.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत तात्या गेले, सकाळी आठला. भावकी जमली. हलगीवाला आला. तिरडी बांधून झाली आणि सगळे थांबले, कारण आमच्यात सूर धरल्याशिवाय उचलत नाहीत. शेवटी चुलते म्हणाले, “राहू दे आता. काळ बदलला. उचला.”

“थांबा,” मी म्हणालो. घरात गेलो, खुंटीवरची पिशवी काढली. वहाणा काढल्या, डोकं उघडं केलं, पत्ती ओठांत धरून भिजवली. ती तोंडात घेतल्याबरोबर मला तात्यांच्या तंबाखूची चव लागली. मी सगळा दम लावून फुंकलं.

सूर आला नाही. हवा आली, फस्स करून. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवा. लोक खाली बघत होते. चुलत्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला.

“उचला!” मी ओरडलो, आणि ओढ्यापर्यंत तीच हवा फुंकत त्यांच्यापुढं चालत गेलो.